खांब आणि सरोवर : जर्मन पुरातत्त्वसंज्ञांच्या इंग्रजी रूपांतराविषयी

१८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी नेहमीपेक्षा पुष्कळच खाली गेले आणि ओबरमायलेन येथे उघड्या पडलेल्या चिखलात लाकडी खांबांचे बुंधे, दगडी हत्यारे व खापरे दृष्टीस पडली. झुरिकच्या पुरावस्तुमंडळाचे फेर्डिनांड केलर ह्यांनी १८५४ साली ह्या शोधाचे वृत्त प्रसिद्ध केले व त्याच्या शीर्षकात ‘प्फालबाउटेन’ ही संज्ञा योजिली. ‘प्फाल’ म्हणजे जमिनीत रोवलेला खांब आणि ‘बाउ’ म्हणजे बांधकाम. ‘बाउटेन’ हे त्याचे अनेकवचन. केलर ह्यांच्या वृत्तांतांचे इंग्रजी भाषांतर जॉन एडवर्ड ली ह्यांनी १८६६ साली लंडन येथे प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात खांब नाहीत; सरोवर आहे. स्वित्झर्लंडमधील व युरोपच्या अन्य भागांतील ‘लेक ड्वेलिंग्ज’, म्हणजे सरोवरातील वसतिस्थाने, असे त्या ग्रंथाचे नाव. हा शब्दप्रयोग ली ह्यांनीच प्रथम केला असे नव्हे. परंतु तो इंग्रजीत स्थिर झाला तो प्रामुख्याने ह्या ग्रंथामुळे.

भाषांतराच्या रूढ कसोट्या लावल्या तर हे रूपांतर निर्दोष ठरते. ‘पाइल’ ह्या इंग्रजी शब्दाने वाचकाच्या मनात आधी ढीग उभा राहतो, आणि त्याच्या अनेकवचनाने तर एका त्रासदायक दुखण्याचेच स्मरण व्हावे. उलट ‘लेक ड्वेलिंग’ हा प्रयोग सुटसुटीत आहे, कानाला गोड आहे, आणि तो उच्चारताच डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. अडचण नेमकी त्या चित्राचीच आहे. जर्मन शब्द चिखलात काय रुतलेले होते एवढेच सांगतो. इंग्रजी शब्द माणसे कोठे राहत होती ते सांगतो. पहिली गोष्ट पाहिलेली, दुसरी अनुमानाने काढलेली. केलर ह्यांचेही अनुमान तेच होते हे खरे. न्यू गिनीतील खांबांवरच्या घरांची चित्रे द्युमाँ द्युर्व्हिल ह्या फ्रेंच प्रवाशाने प्रसिद्ध केली होती. त्यांच्या आधारे केलर ह्यांनी पाण्यावरील एका विस्तीर्ण फलाटावर वसलेल्या गावाची कल्पना मांडली. तेव्हा ली ह्यांनी मूळ लेखकाच्या मताशी द्रोह केला असा आरोप करता यावयाचा नाही. त्यांनी मत शब्दात घातले, एवढेच. केलर ह्यांच्या मूळ शीर्षकातही ‘केल्टिक’ हे विशेषण होते. ह्या वसाहतींपैकी बहुतेक केल्ट लोकांच्या कितीतरी आधीच्या, नवाश्मयुगातील व ब्राँझयुगातील, ठरल्यामुळे ते विशेषण चुकीचे होते. इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकात ते नाही. एक निवाडा गळाला आणि दुसरा आत आला.

ह्या दुसऱ्या निवाड्याचे परिणाम दूरवर पोहोचले. आयर्लंड व स्कॉटलंड येथील ‘क्रॅनॉग’ म्हणजे पाण्यात दगड, माती व लाकूड टाकून तयार केलेली कृत्रिम बेटे. स्विस खांबांशी त्यांचे रचनेचे काहीच साम्य नाही. परंतु ‘लेक ड्वेलिंग’ ह्या नावाखाली ती दोन्ही सुखाने एकत्र नांदू लागली. रॉबर्ट मन्रो ह्यांनी १८८२ साली स्कॉटलंडच्या क्रॅनॉगांवर व १८९० साली युरोपातील सरोवरवसाहतींवर ग्रंथ लिहिले, त्या दोहोंच्या शीर्षकांत हाच शब्द आहे. ‘प्फालबाउ’ हा शब्द असता तर क्रॅनॉगांना त्या वर्गात घेताना कोणीही क्षणभर थांबला असता. पुढे आर्थर बुलीड ह्यांनी स्विस वसाहतींची वर्णने वाचून सॉमरसेटच्या दलदलीत तसलेच काही सापडेल ह्या अपेक्षेने शोध आरंभिला. १८९२ साली त्यांना ग्लॅस्टनबरीजवळ लोहयुगीन गाव सापडले, आणि दलदलीत वसलेल्या त्या गावाला ‘लेक व्हिलेज’ हे नाव मिळाले ते अद्यापि कायम आहे. शब्दाने येथे कुदळीला वाट दाखविली, आणि वाट काही वाईट नव्हती. पण सरोवर मात्र शब्दाबरोबर आले.

विसाव्या शतकात केलर ह्यांचे चित्र ढासळले. ओस्कार पारेट ह्यांनी १९४० च्या दशकात, आणि शोधाच्या शताब्दीच्या सुमारास एमिल फोग्ट ह्यांनी, ही घरे पाण्यावर नसून काठावरच्या ओलसर जमिनीवर होती असे प्रतिपादन केले. नंतर उत्तर इटलीत फियाव्हे येथे रेनातो पेरिनी ह्यांच्या उत्खननात एकाच स्थळी दोन्ही प्रकार आढळले : एका काळात पाण्यावर उभी असलेली घरे, दुसऱ्या काळात काठावरची. म्हणजे सरोवर कोठे होते, कोठे नव्हते. खांब मात्र सर्वत्र होते. म्हणूनच ‘प्फालबाउ’ ही संज्ञा इतक्या वादळातून तगली. जर्मन भाषिक संशोधकांनीही आता तिच्या जोडीला ‘ओल्या जमिनीवरील वसती’, ‘काठावरील वसती’ अशा अधिक सावध संज्ञा घडविल्या आहेत. २०११ साली युनेस्कोने आल्प्सच्या परिसरातील सहा देशांमधील १११ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत घेतली, तेव्हा त्यांच्या इंग्रजी नावात ‘पाइल ड्वेलिंग्ज’ हेच शब्द योजण्यात आले. ज्या ओबडधोबड शब्दाला १८६६ च्या शीर्षकात स्थान मिळाले नाही, त्याच्याकडे इंग्रजीला शेवटी परत जावे लागले.

ह्यावरून शब्दशः भाषांतर करावे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. उत्खननाच्या रोजच्या कामातील शब्द पाहिले तर परिस्थिती अगदी उलट दिसते. कुंभाराच्या मातीत वाळू, भुसा किंवा कुटलेले खापर मिसळण्याला जर्मन भाषेत ‘मागेरुंग’ म्हणतात. चिकण माती ‘चरबट’, तिच्यात वाळू घालणे म्हणजे तिला ‘रोडावणे’, अशी त्यामागची कल्पना. इंग्रज संशोधक ह्याला ‘टेंपर’ म्हणतो, आणि त्याच्या पुढे माती रोडावण्याची भाषा काढली तर तो बुचकळ्यात पडेल. भांड्याच्या मधल्या भागाच्या खापरीला जर्मन ‘वांटशेर्बे’, म्हणजे भिंतीची खापरी, म्हणतो. इंग्रजीत ती ‘बॉडी शर्ड’, अंगाची खापरी. (मराठीत घड्याला काठ, गळा, पोट आणि बूड असते, भिंत नसते आणि अंगही नसते.) पाय मुडपून पुरलेल्या प्रेताला जर्मन अहवालात ‘होकर’ म्हणतात. नेहमीच्या जर्मनमध्ये ह्याच शब्दाचा अर्थ बसण्याचे स्टूल असा आहे, ही गोष्ट केवळ शब्दकोशाच्या आधारे काम करणाऱ्याने ध्यानात ठेवलेली बरी. दहनानंतर उरलेल्या हाडांना ‘लायशेनब्रांट’, अक्षरशः ‘प्रेतदाह’, अशी संज्ञा आहे. तिचे तसेच रूपांतर केले तर शास्त्रीय कोष्टकाच्या रकान्यात ग्रॅममध्ये तोललेला प्रेतदाह वाचावयास मिळेल. इंग्रजी शब्द साधा आहे : ‘क्रिमेटेड बोन’, जळलेले हाड. आणि मानवी हाताने न हललेल्या मुळच्या जमिनीला जर्मन खोदकाम करणारा ‘गेवाक्सेनर बोडेन’, म्हणजे ‘वाढलेली जमीन’, म्हणतो, तर इंग्रज खोदकाम करणारा विशेषणालाच नाम करून नुसते ‘नॅचरल’ म्हणतो. येथे खड्ड्याच्या तळाशी उभा राहून इंग्रज मजूर काय म्हणतो हे ऐकण्यावाचून भाषांतरकाराला दुसरा मार्ग नाही. ह्या शब्दांत कोणताही निवाडा दडलेला नाही. दोन देशांतील हातांच्या सवयी तेवढ्या वेगळ्या आहेत. सहजता हा येथे खराखुरा गुण होय.

खरी कसोटी लागते ती हातातील शब्द आणि निवाड्याचे शब्द ह्यांच्या सीमेवर, आणि त्या सीमेवरचा सर्वांत अवघड शब्द म्हणजे ‘बेफुंट’. जर्मन पुरातत्त्वाची निम्मी इमारत ह्या शब्दाच्या व ‘फुंट’ ह्या शब्दाच्या भेदावर उभी आहे. ‘फुंट’ म्हणजे उचलून पिशवीत घालता येते ते : खापर, मणी, बाण. ‘बेफुंट’ म्हणजे जे उचलता येत नाही, केवळ पाहून नोंदता येते ते : खड्डा, चूल, भिंत, खांबाचा डाग, मातीचा थर. वैद्यही रोग्याला तपासून जे आढळले त्याला ‘बेफुंट’च म्हणतो, निदान ही त्यापुढची पायरी. इंग्रजीत ह्याला सर्वांत जवळचा, आणि म्हणून सर्वांत फसवा, शब्द ‘फाइंडिंग’. तो व्युत्पत्तीने सख्खा भाऊ आहे, ऐकायला सहज आहे, आणि अर्थाने नेमका विरुद्ध टोकाला आहे. चौकशी समितीचे ‘फाइंडिंग’ म्हणजे तिचा निष्कर्ष. जर्मन संशोधक जेथे निष्कर्षाच्या अलीकडे थांबला आहे, तेथे हा शब्द त्याला निष्कर्षाच्या पलीकडे नेऊन ठेवतो.

योग्य शब्द एक नाही, तीन आहेत. खड्डा किंवा चूल अभिप्रेत असेल तर ‘फीचर’. १९७० च्या दशकात एडवर्ड हॅरिस ह्यांच्या स्तरमांडणीच्या पद्धतीनंतर ब्रिटिश उत्खननात रूढ झालेले स्तरनोंदीचे एकक अभिप्रेत असेल तर ‘कॉन्टेक्स्ट’. आणि लिखित साधनांच्या विरोधात जमिनीची साक्ष असा व्यापक अर्थ असेल तर ‘एव्हिडन्स’. एका परिच्छेदात हा शब्द तीनदा आला तर तिन्ही ठिकाणी तीन निरनिराळे इंग्रजी शब्द पडणे शक्य आहे. पारिभाषिक संज्ञेला सर्वत्र एकच प्रतिशब्द असावा हा कोशकारांचा लाडका नियम येथे लागू पडत नाही. ‘कॉन्टेक्स्ट’च्या बाबतीत तर आणखी सावधगिरी हवी, कारण त्या शब्दाबरोबर एक विशिष्ट खोदण्याची रीत येते. जर्मन परंपरेत पुष्कळदा जमीन एकाखाली एक अशा सपाट पातळ्यांत उघडी केली जाते. अशा पातळीला ‘प्लानुम’ म्हणतात. इंग्रजीत ठरावीक जाडीच्या थराला ‘स्पिट’ हा शब्द आहे आणि भाषांतरकार तो बिनदिक्कत वापरतात. पण ‘स्पिट’ म्हणजे काढून टाकलेली माती, आणि ‘प्लानुम’ म्हणजे ती काढल्यावर दिसणारा पृष्ठभाग. एका शब्दाची नजर टोपलीकडे आहे, दुसऱ्याची जमिनीकडे. लॅटिन शब्द जसाच्या तसा ठेवणे येथे अधिक प्रामाणिकपणाचे.

ही नजर किती मोलाची होती ते इंग्लंडला एका निर्वासित जर्मन संशोधकाने दाखवून दिले. गेऱ्हार्ड बेर्सू ह्यांना त्यांच्या ज्यू वंशामुळे नाझी राजवटीत १९३५ साली फ्रांकफुर्ट येथील रोमन-जर्मानिक आयोगाच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले. ते इंग्लंडमध्ये आले व १९३८-३९ साली सॉल्झबरीजवळ लिटल वुडबरी येथे त्यांनी उत्खनन केले. त्यापूर्वी दक्षिण इंग्लंडमधील लोहयुगीन खड्ड्यांना ‘पिट ड्वेलिंग’, म्हणजे खड्ड्यातील घरे, म्हणण्याचा प्रघात होता. लोहयुगातील शेतकरी चुनखडीच्या बिळात राहत होता, असे चित्र त्या दोन शब्दांनी उभे केले होते. बेर्सू ह्यांनी विस्तृत क्षेत्र उघडे केले, खांबांचे डाग एकत्र पाहिले, आणि सुमारे १५ मीटर व्यासाचे लाकडी वर्तुळाकार घर दाखवून दिले. खड्डे धान्य साठविण्याचे ठरले. खांब कुजून गेल्यावरही त्याचे भोक जमिनीत ओळखता येते हे ज्ञान जर्मनीत हाल्टर्न येथील रोमन छावणीच्या उत्खननापासून, कार्ल शूखहार्ट प्रभृतींच्या कामातून, मुरलेले होते. इंग्रजीत ‘पोस्टहोल’ हा शब्द होताच. परंतु जर्मनमध्ये खांबासाठी खणलेला खड्डा व त्यात प्रत्यक्ष खांब उभा होता तेथील डाग ह्यांना वेगवेगळी नावे आहेत, आणि इंग्रजी ‘पोस्टहोल’ दोहोंनाही पोटात घेत असे. ‘पोस्टपाइप’ हा भेददर्शक शब्द नंतर स्थिरावला. येथे कोणतेही भाषांतर झाले नाही. बेर्सू ह्यांचा १९४० सालचा अहवाल इंग्रजीतच आहे. तरी जर्मन संज्ञेचा इंग्रजीत झालेला सर्वांत यशस्वी प्रवेश हाच म्हणावा लागेल, कारण त्यांनी शब्दाऐवजी वस्तू दाखविली आणि शब्दाला तिच्यामागून येऊ दिले.

अशाच दुसऱ्या खड्ड्याच्या बाबतीत इंग्रजीने वेगळा मार्ग पत्करला. पूर्वमध्ययुगीन जर्मानिक वस्त्यांतील खोलगट तळाच्या लहान इमारतीला जर्मनमध्ये ‘ग्रुबेनहाउस’, खड्डा-घर, म्हणतात. ई. टी. लीड्स ह्यांनी १९२० च्या दशकात सटन कोर्टने येथे अशा इमारती खणल्या व आद्य अँग्लो-सॅक्सन लोकांचे जीवन किती दैन्याचे होते ह्याविषयी त्यांवरून मत बनविले. पुढे सफोकमधील वेस्ट स्टो येथे १९६५ ते १९७२ ह्या काळात अशा सुमारे ७० इमारती उजेडात आल्या. खड्ड्यावर फळ्यांची जमीन असावी व खड्डा म्हणजे तिच्याखालची पोकळी, असा विचार तेथून पुढे आला. त्यानुसार तेथे घरे पुन्हा उभारूनही पाहण्यात आली. माणूस खड्ड्यात राहत होता की खड्ड्याच्या वर, ती घरे होती की मागांच्या झोपड्या, हे सर्व प्रश्न ‘खड्डा-घर’ ह्या शब्दाने आधीच सोडवून टाकले होते. इंग्रज संशोधकांनी मग ‘संकन-फीचर्ड बिल्डिंग’ अशी संज्ञा घडविली : जिच्यात काही भाग खोलगट आहे अशी इमारत. इतका निर्जीव शब्दप्रयोग कोणत्याही इंग्रज आजीने नातवाला गोष्ट सांगताना केला नसता. परंतु तो निवाडा देत नाही. म्हणजे इंग्रजीनेच, आपल्या घरच्या वस्तूंसाठी, सहजता सोडून नेमकेपणा पत्करला. असे असता जर्मन लेखाच्या भाषांतरात ‘ग्रुबेनहाउस’ दिसताच ‘पिट हाउस’ लिहून मोकळे होणाऱ्यांचे समर्थन करणे कठीण आहे.

कालखंडांच्या नावांत हा घोटाळा अधिक शांतपणे होतो. जर्मन लेखक ‘रोमन कायझरत्साइट’, रोमन सम्राटांचा काळ, लिहितो तेव्हा तो बहुधा साम्राज्याच्या सीमेबाहेरील, जेथे कोणत्याही सम्राटाचा अंमल नव्हता अशा, प्रदेशाविषयी बोलत असतो. इंग्रजीत ‘रोमन पीरियड’ म्हटले की वाचकाला रस्ते, स्नानगृहे आणि सैन्यतळ दिसतात. ‘रोमन आयर्न एज’ हा रूढ पर्याय ही चूक टाळतो. पुरून ठेवलेल्या वस्तूंच्या साठ्याला जर्मनमध्ये ‘होर्ट’ आणि ‘डेपो’ असे दोन्ही शब्द आहेत, तर इंग्रज ‘होर्ड’ ह्या एकाच शब्दावर भागवतो. त्या शब्दात कंजूषाची कुलूपबंद पेटी आहे. देवाला अर्पण म्हणून दलदलीत टाकलेल्या तलवारींना तो शब्द लावला की अर्पण नाहीसे होते.

ह्या सर्वांहून जड शब्द ‘कुल्टूर’. गुस्ताफ कोसिना ह्यांनी १९११ साली असा सिद्धांत मांडला की भूमीवर स्पष्ट सीमा असलेले प्राचीन वस्तूंचे प्रदेश हे त्या त्या लोकांचे किंवा जमातींचेच प्रदेश असतात. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘झीडलुंग्स-आर्केओलोगी’ म्हटले. ह्याचे शब्दशः इंग्रजी रूप ‘सेटलमेंट आर्किऑलॉजी’ होते, आणि तेथेच वाचक फसतो. कारण इंग्रजीत त्या नावाचा अभ्यास म्हणजे गॉर्डन विली ह्यांनी पेरूमधील व्हिरू खोऱ्याविषयी १९५३ साली प्रसिद्ध केला त्या जातीचा, वस्त्यांची मांडणी व त्यांचा परस्परसंबंध तपासणारा अभ्यास. एका नावामागे वंशाचा नकाशा आहे, दुसऱ्यामागे शेतांचा आणि पाण्याचा. खुद्द जर्मनीत हेर्बर्ट यांकुन ह्यांच्या १९७७ च्या ग्रंथात ह्या संज्ञेचा अर्थ पुष्कळच बदललेला आहे. तेव्हा लेखाचे साल पाहिल्याखेरीज तिचे भाषांतर करणेच अशक्य होय. कोसिना १९३१ साली वारले. त्यांच्या सिद्धांताचा पुढे नाझी राजवटीने कसा उपयोग केला ते सर्वविदित आहे.

गॉर्डन चाइल्ड ह्यांनी मात्र ह्याच शब्दावर भाषांतराचे एक मोठे धाडस केले. इंग्रजीत ‘कल्चर’ ही टायलरच्या १८७१ च्या ग्रंथापासून सबंध मानवजातीची एकवचनी संपत्ती होती. चाइल्ड ह्यांनी १९२९ च्या डॅन्यूबविषयक ग्रंथात तिला जर्मन वळणाचे अनेकवचन दिले, पण व्याख्या केली ती वस्तूंची : भांडी, हत्यारे, दागिने, दफनाच्या रीती ह्यांचे विशिष्ट प्रकार पुनःपुन्हा एकत्र आढळले तर तो समूह म्हणजे एक ‘कल्चर’. वंश त्यांनी बाजूला ठेवला. शब्द सहज होता, आणि तरीही तो निवाड्यापासून मोकळा करून घेतला गेला. मात्र त्यासाठी प्रतिशब्द पुरेसा झाला नाही, व्याख्या लिहावी लागली. ‘लोक’ हा शब्द चाइल्ड ह्यांनाही पूर्णपणे टाळता आला नाही हेही नोंदविले पाहिजे.

इंग्रजीतून हा शब्द भारतात आला, आणि मराठीत त्याची ‘संस्कृती’ झाली. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे येथे १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकळिया व शां. भा. देव ह्यांनी उत्खनन केले. तेथील तांबड्या भांड्यांवरच्या काळ्या नक्षीवरून जी ओळखली जाते ती ‘जोर्वे संस्कृती’ दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाच्या प्रत्येक मराठी पुस्तकात आढळते. चाइल्ड ह्यांच्या व्याख्येप्रमाणे हे नाव एका वस्तुसमूहाचे आहे. मराठी वाचकाच्या कानाला मात्र ‘संस्कृती’ म्हटले की संस्कार, आचार आणि परंपरा ऐकू येतात, आणि ‘जोर्वे लोक’ असा प्रयोग दुसऱ्याच वाक्यात आपोआप येऊन बसतो. अभ्यासक्रमांच्या पुस्तकांत व्याख्या पहिल्या पानावर एकदा येते, आणि शब्द पुढच्या दोनशे पानांवर. ‘फुंट’ आणि ‘बेफुंट’ ह्या दोहोंसाठीही मराठीत अद्याप ‘अवशेष’ हा एकच शब्द चालतो; खापरही अवशेष आणि चुलीचा खड्डाही अवशेष. घड्याचे पोट आणि बूड वेगळे करणाऱ्या भाषेला हा भेद जड जाण्याचे काही कारण नाही.